मागचं न ऐकणारा माइक

क्लेटनेसच्या भोंग्याशेजारी वाढलेलं माणूस स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर कुठेही ओळखू येतं. ते बोलता बोलता थांबतं. वाक्य अर्ध्यावर सोडून समोरच्याकडे शांतपणे बघत राहतं आणि थोड्या वेळाने जिथे सोडलं होतं तिथूनच उचलतं. ओस्ला हॅल्क्रो लर्विक बंदरात येऊन फेरीबोटीवर तिकिटं फाडायला लागली, तेव्हा बोटीवरच्या लोकांना ही पोरगी जरा मंद वाटली होती. खरं तर त्या दिवशी बाहेर धुकं होतं, आणि धुक्यात भोंगा वाजताना तोंड मिटायचं हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. भोंगा मैलोगणती लांब राहिला होता, सवय तेवढी बोटीवर आली होती.

तिचे वडील लावरी क्लेटनेसच्या दीपगृहाचे राखणदार. पुढे दिवा आपोआप चालू लागला, बाकीचे राखणदार निघून गेले, पण भोंग्याला हवा पुरवणाऱ्या इंजिनांकडे बघायला कुणीतरी लागायचंच. म्हणून लावरी तिथल्याच घरात राहिले. बायको गेली, मुलगी लर्विकला गेली, तरी राहिले. धुकं आलं की इंजिनं सुरू करायची, आणि मग दर दीड मिनिटाला खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. पाहुण्यांना पहिल्या रात्री झोप लागत नसे. हॅल्क्रोंना भोंगा बंद पडला की जाग येई.

या घराची एक रीत होती. कुठलंही अवघड बोलणं भोंगा वाजायच्या अगदी तोंडावर काढायचं. म्हणजे बोलणाऱ्याला पुढे काही जोडावं लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला भोंगा संपेपर्यंत विचार करायला सवड मिळते. उत्तर भोंग्यानंतर. आधीच कुणी उत्तर दिलं तर समजायचं, त्याचं केव्हाच ठरलेलं होतं. ओस्ला पोटात आहे हे तिच्या आईने असंच सांगितलं होतं. लर्विकला नोकरी धरणार असल्याचं ओस्लाने असंच सांगितलं, मग भोंगा वाजला, तो संपल्यावर लावरी एवढंच म्हणाले, "कधीपासून?" ठरलेलं लग्न मोडल्याचंही तिने असंच सांगितलं. त्या वेळी भोंगा दोनदा वाजून गेला तरी ते काही बोलले नव्हते, आणि मग चहा टाकायला उठले होते.

ओस्लाला आवाज गोळा करायचं वेड लागलं ते पुढे, चाळिशीच्या आसपास. फेरीबोटीचं लोखंडी दार खाली पडतानाचा आवाज, जळणासाठी पीटची ढेकळं कापताना ओल्या मातीतून सुरी जातानाचा आवाज, डोक्यावर येऊन भांडणारे तिरिक नावाचे समुद्रपक्षी. लर्विकच्या रेडिओवर रविवारी सकाळी तिचे आवाज पाच मिनिटं लावत. पैसे मिळत नसत, पण दुकानात कुणीतरी म्हणे, "कालची मेंढरं मस्त होती हं ओस्ला," आणि तिचा आठवडा चांगला जाई.

मग दीपगृहांच्या खात्याने जाहीर केलं की क्लेटनेसचा भोंगा बंद होणार. जहाजांना आता त्याची गरज नव्हती. शेवटच्या दिवशी, धुकं असो नसो, तासभर तो वाजवायचा आणि मग इंजिनं कायमची थांबवायची. घरही विकायला काढणार होते. लावरी तेव्हा ऐंशीला टेकले होते. आता ते जाणार कुठे, हा प्रश्न सगळ्यांना दिसत होता आणि बोलत कुणीच नव्हतं.

ओस्लाने मनात ठरवून टाकलं होतं. लर्विकच्या तिच्या छोट्या घराची मागची खोली तिने रिकामी केली, भिंती पांढऱ्या रंगवल्या, बंदर दिसेल अशी खिडकीशी एक आरामखुर्ची लावली. वडिलांना विचारायचं तेवढं बाकी होतं. पण ते काम तिने पुढे ढकललं. भोंग्याचं एकदा पार पडू दे, मग निवांत बोलू, असं ती स्वतःला सांगत राहिली. कारण त्या महिन्यांत तिच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. भोंगा रेकॉर्ड करायचा होता, आणि तो कशावर, कुठल्या माइकने, याचा घोळ ती घालत बसली होती.

या घोळात तिला साथ होती एर्लेंडची. तो रेडिओत यंत्रं सांभाळायचा आणि त्याच्या मागच्या खोलीत उसनी, जुनी, दुरुस्तीला आलेली यंत्रं रचून ठेवलेली असत. ओस्लाकडे होतं ते छोट्या चकतीवर रेकॉर्ड करणारं यंत्र. ते आवाज आवळून साठवतं, आणि भोंगा आवळलेला तिला नको होता. फितीवर चालणारं एक होतं, पण शेटलंडच्या दमट हवेत त्याची फीत अडकायची. नवीन निघालेल्यांपैकी दोन-तीन कार्डवर रेकॉर्ड करणारी होती. त्यातल्या एकाची स्वतःचीच खरखर इतकी की शांततेत पाणी उकळतंय असं वाटावं. दुसऱ्याची बटणं तांदळाच्या दाण्याएवढी. ओस्ला लोकरीचे हातमोजे घालून प्रत्येकाची बटणं दाबून बघत होती. शेवटी एक जाडजूड निघालं, मोठ्या गोल खुंटीचं. मोज्यातूनही आवाज कमी-जास्त करता येत होता, आणि मोठा आवाज आला तरी तो फाटत नव्हता.

"माणसं घर घेताना एवढं बघत नाहीत," एर्लेंड म्हणाला. "तुझं लग्न झालं नाही यात नवल ते काय!"

"माझं ठरलं होतं लग्न. नवऱ्याचाच आवाज फाटका निघाला."

यंत्र ठरलं, माइकवर मात्र त्यांचं जुंपलं. एर्लेंडने एक आखूड, रुंद तोंडाचा माइक तिच्या हातात ठेवला. "हा ने. याला सगळं ऐकू येतं. भोंगा, समुद्र, गवत, तुझ्या बाबांचा खोकला."

"बाबांचा खोकला मला घरी फुकट ऐकायला मिळतो. त्या दिवशी अर्धं शेटलंड येणार, पोरंबाळं नि चहाचे फ्लास्क घेऊन. मला भोंगा हवाय. लोकांची बडबड नको."

"अगं, उशीत माइक खुपसलास तरी भोंगा येईल. तो कुठे पळून जातोय?"

"पळूनच जातोय. त्या दिवशी दुपारनंतर."

एर्लेंडने माइक परत घेतला. पण ती निघताना पुन्हा म्हणाला, "जागेचा आवाज जागेच्या आजूबाजूला असतो बरं का. नुसता भोंगा घेशील तर तो कुठल्याही बेटावरचा वाटेल." ओस्लाने ऐकून घेतलं आणि ऐकलं नाही. तिला हवा होता तो लांब, बारीक माइक. समोर रोखला की समोरचंच घेणारा, बाजूचं नि मागचं जवळजवळ टाकून देणारा. असा चांगला माइक तिला स्कॉटलंडच्या एका दुकानातून मागवावा लागला. वाऱ्यासाठी त्यावर चढवायचं राखाडी केसाळ टोपरं आलं, त्याला एर्लेंडच्या धंद्यात मेलेलं मांजर म्हणतात. आणि कानांवर गच्च बसणारे हेडफोन घेतले, बाहेरचं काही आत येऊ न देणारे. म्हणजे माइकला जे ऐकू येतंय तेवढंच तिला ऐकू येणार होतं.

तो लांब माइक पोस्टाने यायचा होता, तेव्हा मधल्या रविवारी ती एर्लेंडचा रुंद माइक घेऊन क्लेटनेसला गेली आणि स्वयंपाकघरातच यंत्र लावून बघितलं. लावरी वाळवलेल्या मटणाचं सूप ढवळत होते.

"त्या डबड्यातून काय ऐकतेस ग एवढं?"

तिने हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवले. म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले. सूप रटरटत होतं, घड्याळ ठोके देत होतं, बाहेर अंगणात मेंढी गवत ओरबाडत होती, तेसुद्धा आलं. "अगं, मेंढी गवत चावतेय ते ऐकू येतंय! माझाच श्वास ऐकू येतोय मला. म्हणजे हे डोक्यावर घातलं की तुझ्यापासून काही लपत नाही तर."

"काही नाही लपत," ओस्ला हसून म्हणाली. "जपून बोलत जा."

शेवटचा दिवस लख्ख उजाडला. धुक्याचा मागमूस नाही, आणि वारा मात्र असा की टोप्या उडत होत्या. खरंच अर्धं शेटलंड आलं होतं. भिंतीच्या आडोशाला बायकांनी बॅनक रोट्या नि लोणी मांडलं होतं. इंजिनं लावरींनीच सुरू केली, आणि मग भोंगा वाजवायचा मान खात्यातून आलेल्या तरुण साहेबाला देऊन ते बाहेर आले. ओस्ला सगळ्यांपासून लांब, भोंग्याच्या समोरच्या खडीवर उभी होती. माइक भोंग्यावर रोखलेला, कान बंद, डोळे यंत्राच्या काट्यावर. पहिला भोंगा वाजला आणि काटा अगदी जिथे जायला हवा तिथपर्यंत जाऊन परतला. आवाज फाटला नाही. इतके महिने घातलेला घोळ सार्थकी लागला, असं तिला वाटलं.

मधल्या वेळात ती काटा बघत होती, खुंटी केसभर इकडे-तिकडे करत होती. तीन-चार भोंगे झाले असतील. मग तिच्या खांद्यावर हात पडला. तिने मान वळवली. लावरी मागे उभे होते, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांचे ओठ हलत होते. हेडफोनमध्ये फक्त लाटा. ते काय म्हणताहेत हे विचारायला हेडफोन काढावे लागले असते, आणि पुढचा भोंगा तोंडावर आला होता. ती क्लेटनेसची पोर, तिला घड्याळ लागत नव्हतं. बाबा विचारत असणार, नीट येतंय ना ग? दुसरं काय विचारतील? तिने तोंड भरून हसून जोरात मान हलवली, आणि पुन्हा काट्याकडे वळली. भोंगा वाजला.

रेकॉर्डिंग फार सुरेख झालं. एर्लेंडने त्यातले भोंगे तेवढे घेतले, मधली जागा कापली, आणि रविवारी ते लावले. लोकांचे फोन आले. उन्स्ट बेटावरून एका कोळ्याने सांगितलं की त्याने गाडी थांबवून ऐकलं. ओस्ला दोन दिवस हवेतच होती. आता बाबांशी बोलायचं, असं तिने ठरवलं, तेवढ्यात त्यांचाच फोन आला.

"मी दक्षिणेकडच्या वृद्धाश्रमात नाव घातलंय," लावरी म्हणाले. "जागा आहे म्हणाले. महिनाअखेर जातो."

ओस्लाच्या हातात तेव्हा मागच्या खोलीसाठी शिवायला घेतलेला पडदा होता. "तुमचं ठरलंसुद्धा?"

"ठरलंच की. मला बरं वाटलं, लवकर ठरलं ते."

"बरं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. आपल्याला एका शब्दाने विचारलं नाही, आपल्याकडे राहायचं त्यांच्या मनातही आलं नाही, हे तिला फार लागलं. पण लागलं म्हणून सांगायचं कुणी, आणि कसं? भोंगाही आता नव्हता. पडदा तिने तसाच घडी करून ठेवला. खोलीत हळूहळू यंत्रं, तारा, खोकी आली. आरामखुर्चीवर मेलेलं मांजर पडून राहिलं.

पुढची चार-पाच वर्षं ती दर रविवारी वृद्धाश्रमात जायची. जायची म्हणजे कर्तव्य म्हणून. अंगातला कोट काढायची नाही. लावरी तिला बोटीचं विचारत, हवेचं विचारत, आणि थोड्याच वेळात म्हणत, "तू नीघ आता. तुला कामं असतील. माझ्यापायी अडकू नकोस." तिला वाटायचं, यांना मी नकोशी झाले आहे. ती उठायचीच. दाराशी पोचून एकदा वळून बघितलं तेव्हा ते खिडकीतून तिच्या गाडीकडे बघत होते, ती अजून बाहेर पडलीही नव्हती. त्याचाही अर्थ तिने लावला नाही. घरी येऊन यंत्र घेऊन पक्ष्यांच्या मागे गेली. लावरींचा आवाज तिने कधी रेकॉर्ड केला नाही. म्हातारं माणूस रविवारी दुपारी हवापाण्याचं बोलतं, त्यात रेकॉर्ड करण्यासारखं काय असतं?

एका फेब्रुवारीत लावरी झोपेतच गेले. मूठमाती देऊन सगळे परतले, आणि ओस्ला आत्याच्या घरी थांबली. लीबी आत्या लावरींहून धाकटी, एका डोळ्याने अधू, जिभेने तिखट. तिने किटली चुलीवर ठेवली आणि ओस्लापुढे गोड पाव सरकवला. मग म्हणाली, "एक सांगते. त्याने तुझ्यावर राग नव्हता हो धरला. शेवटपर्यंत नव्हता. मी धरला होता, खोटं कशाला बोलू?"

"राग? कशाचा राग, आत्या?"

"आता मला वेड पांघरून दाखवू नकोस. भोंग्याच्या दिवशी त्याने तुला विचारलं ना?"

"काय विचारलं?"

लीबी आत्याने चांगला डोळा तिच्यावर रोखला. "त्याच संध्याकाळी इथे, याच खुर्चीत बसून सांगितलं त्याने. म्हणाला, लीबी, विचारून टाकलं पोरीला. म्हटलं, घर तर जातंय, तुझ्याकडे येऊ का राहायला? माझी इच्छा तीच आहे. पण तुझी नोकरी, तुझं ते आवाजांचं, मी जड होणार असेन तर मी आश्रमात नाव घालतो. मला वाईट वाटणार नाही. बोलायचीही गरज नाही, जड होणार असेन तर नुसती मान हलव. आणि तू मान हलवलीस."

ओस्लाने हातातला पाव परत ताटलीत ठेवला. 

"वर हसलीस म्हणे," आत्या पुढे बोलतच होती. "भोंग्याच्या तोंडावर विचारलं होतं त्याने, तुमच्या घरच्या रीतीने, तुला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. तू भोंगा वाजायच्या आधीच हो म्हणालीस. तेवढंच लागलं त्याला. तरी तुझीच बाजू घेत होता. म्हणे, बरं झालं, पोर सरळ आहे, मला खोट्या आशेला लावलं नाही."

"मला ऐकू आलं नाही," ओस्ला म्हणाली.

"ऐकू नाही आलं? डोक्यावर ते घातलेलं होतंस ना? त्यातून मेंढी चरतानासुद्धा ऐकू येते, लावरी सगळ्यांना सांगत फिरायचा. तुला सगळं ऐकू येतं म्हणूनच तर तिथे बोलला तो."

"तो दुसरा माइक होता, आत्या. त्या दिवशीचा वेगळा. त्याला मागचं ऐकू येत नाही."

"मागचं ऐकू येत नाही, असला माइक कुणी मुद्दाम घेतं?"

"मी घेतला," ओस्ला म्हणाली. "महिने घालवून, शोधून शोधून घेतला." आणि मग तिला रडू आलं, मूठमातीच्या वेळीही आलं नव्हतं असं. आत्या आधी घुश्शात बघत राहिली. मग हळूहळू तिला सगळं उमगलं, तशी ती उठली, ओस्लाचं डोकं तिने पोटाशी धरलं आणि म्हणाली, "अगं माझे बाई, मग तू त्याला विचारलं का नाहीस कधी? तोंडाने?"  ओस्लाची मागची खोली तयार होती, भिंती रंगवलेल्या होत्या, आणि विचारायचं तेवढं तिने पुढे ढकललं होतं. हे ती आत्याला सांगू लागली, पण सांगता सांगता खिडकीशी लावलेल्या त्या आरामखुर्चीपाशी आली आणि तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी तिने क्लेटनेसचं मूळ रेकॉर्डिंग काढलं. रेडिओवर गेलेलं कापलेलं होतं, ते नाही. मधल्या वेळासकट असलेलं पूर्ण तासाचं. ते तिने कधीच ऐकलं नव्हतं, भोंगा ते भोंगा उड्या मारत गेली होती. आता ती मधलं ऐकू लागली. पहिल्या मधल्या वेळात लाटा. दुसऱ्यात लाटा आणि लांबवर एका पोराचं हसणं. पुढच्यात, भोंगा वाजायच्या जरा आधी, मागून एक घुमल्यासारखी गुणगुण येते. पुरुषाचा आवाज आहे एवढं कळतं, दोन ठिकाणी तो थांबून पुन्हा सुरू होतो हेही कळतं. शब्द एकही नाही. ओस्लाने आवाज वाढवला, जाड स्वर कमी केले, पातळ वर आणले, एर्लेंडला बोलावून त्याच्याकडूनही करून घेतलं. एर्लेंडने सगळे उपाय केले आणि शेवटी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "नाही यायचं ग," तो म्हणाला. "तू फार चांगला माइक घेतलास."

तो गेल्यावर ती एकटीच पुन्हा ऐकत बसली. गुणगुण थांबते. त्यापुढे थोडी रिकामी जागा आहे, तिथे तिने मान हलवली असणार. मग भोंगा. भोंगा विरल्यावर लावरी तिच्या बाजूने पुढे गेले असावेत, इंजिनघराकडे, माइकच्या अगदी समोरून, कारण खडीवरची त्यांची पावलं आली आहेत. एकही पाऊल फाटलेलं नाही, खरखर नाही. म्हातारा माणूस दमाने चालत लांब लांब जातो, ते अगदी स्वच्छ ऐकू येतं.